बार्बाडोस २०२२: ३० पैकी २९ जागा हातात असताना मुदतपूर्व निवडणूक कशासाठी?

दूरचा वाचक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बार्बाडोसशी माझी ओळख क्रिकेटमुळे झाली. सोबर्स, तिन्ही 'डब्ल्यू' (वॉरेल, वीक्स, वॉलकॉट), मार्शल, गार्नर ही सगळी माणसं सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या एकाच बेटावर जन्मली, याचं मला लहानपणापासून अप्रूप. ३० नोव्हेंबर २०२१ला हा देश प्रजासत्ताक झाला तो सोहळा मी रात्री जागून पाहिला होता. राणीचा ध्वज उतरला, सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. २७ डिसेंबरला पंतप्रधान मिया मॉटली यांनी जाहीर केलं की १९ जानेवारी २०२२ला संसदेची निवडणूक. मुदत २०२३च्या मध्यापर्यंत होती. ३०च्या सभागृहात त्यांच्या बार्बाडोस लेबर पार्टीचे २९ सदस्य होते. बाहेर ओमायक्रॉनची लाट चढत होती. निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे: ३० पैकी ३०.

माझे प्रश्न दोन. सरकारला कसलाच धोका नसताना दीड वर्ष आधी लोकांना मतदानाला का बोलवायचं? आणि सगळ्याच जागा एका पक्षाकडे गेल्यावर तिथली संसद चालते कशी? बातम्यांमध्ये 'ऐतिहासिक विजय' यापलीकडे फार काही सापडलं नाही. तिथे राहणारं किंवा तिथलं राजकारण जवळून पाहणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

शंकेखोर

कारण सरळ आहे हो. विरोधी पक्ष आडवा पडलेला असताना निवडणूक घेतली की पुढची पाच वर्षं निश्चिंती. तारीख ठरवण्याचा अधिकार पंतप्रधानांच्या हातात दिला तर कुठलाही पंतप्रधान हेच करणार. वेस्टमिन्स्टर, म्हणजे ब्रिटिश धाटणीच्या संसदीय पद्धतीतली ही जुनीच खोड आहे, त्यात बार्बाडोसचं वेगळं असं काही नाही.

ब्रिजटाऊनकर

मी गेली बरीच वर्षं सेंट मायकल परगण्यात राहते, शिकवण्याचं काम करते. पासपोर्ट भारताचाच आहे, तरी २०२२ला मी मत दिलं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे सलग तीन वर्षं राहिला असेल तर त्याला मतदार यादीत नाव घालता येतं. त्यामुळे खालचं जे काही लिहिते आहे ते मतदार म्हणून लिहिते आहे. लांबेल, पण विषय माझ्या जवळचा आहे.

शंकेखोर, तुमचं कारण खोटं नाही. पण तेवढंच धरलं तर त्या वेळचं बेट नजरेतून सुटतं.

२०१८च्या मे महिन्यात मॉटली निवडून आल्या तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. देशावरचं कर्ज वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या दीडपटीहून जास्त. पहिल्याच आठवड्यांत सरकारने परदेशी सावकारांचे हप्ते थांबवले, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला, सरकारी नोकऱ्या कापल्या. लोकांनी ते सोसलं. त्यातून मान वर निघते न निघते तोच कोविड आला आणि विमानं बंद झाली. पर्यटकांवर चालणाऱ्या बेटावर विमानं बंद होणं म्हणजे हॉटेलातल्या वाढप्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांची चूल बंद. एप्रिल २०२१मध्ये शेजारच्या सेंट व्हिन्सेंटवरचा सूफ्रिएर ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख इथे येऊन पडली. भर दुपारी अंधारलं होतं. छपरं, गटारं, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे करडा थर. ती साफ होते तोवर २ जुलैला एल्सा वादळ आलं. १९५५च्या जॅनेटनंतर बेटावर चालून आलेलं हे पहिलं हरिकेन. सेंट फिलिप, क्राइस्ट चर्च या भागांत लाकडी घरांची छपरं उडाली.

हे सगळं २०१८च्या जाहीरनाम्यात कुठून असणार? मॉटली यांचं म्हणणं असं होतं की परिस्थिती पार बदलली आहे, देशात फूट दिसते आहे, पुढची उभारणी एकदिलाने करायची तर नव्याने कौल हवा. लशीची सक्ती करायची की नाही यावरून त्या वर्षी इथे मोर्चे निघाले होते, रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमांत रोज तेच भांडण. प्रजासत्ताक होण्याआधी जनमत घेतलं नाही, हीही अनेकांची तक्रार होती. तेव्हा 'कौल हवा' हे म्हणणं मी पोकळ मानत नाही.

तरीसुद्धा ती तारीख मला पटली नव्हती, आणि आजही पटत नाही.

३ जानेवारीला अर्ज भरायचे आणि १९ला मतदान. मध्ये सोळा दिवस. सत्तेतल्या पक्षाचे उमेदवार, कार्यकर्ते, लाल टी-शर्ट सगळं तयार. समोर डेमोक्रॅटिक लेबर पार्टी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले 'डेम्स', २०१८ला शून्यावर आलेले, पैशाची चणचण, पक्षातच धुसफूस. नाताळाच्या सुट्टीतून उठून त्यांना ३० ठिकाणी उमेदवार उभे करायचे होते. त्यांनी ते केले, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

त्याहून गंभीर गोष्ट विलगीकरणाची. मतदानाच्या आठवड्यात पाच हजारांवर लोक कोविडमुळे घरात किंवा विलगीकरण केंद्रात बंद होते. त्यांना बाहेर पडायला नियमाने मनाई. टपाली मतदानाची सोय इथे सर्वसाधारण मतदारासाठी नाही, दुसऱ्याकरवी मत देता येत नाही. म्हणजे त्यांचं मत गेलंच. आमच्या गल्लीतल्या एक आजी त्यात होत्या. देश स्वतंत्र झाला, १९६६ला, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. मत द्यायला लागल्यापासून एकही निवडणूक त्यांनी चुकवलेली नव्हती. निवडणूक थांबवावी म्हणून एका छोट्या पक्षाच्या उमेदवाराने उच्च न्यायालयात दाद मागितली, पण मतदानाच्या तोंडावर ती फेटाळली गेली.

कायद्याने तारीख बरोबर होती. घटनेप्रमाणे पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्राध्यक्ष केव्हाही संसद विसर्जित करू शकतात. पण हातात दीड वर्ष शिल्लक असताना लाट ओसरायची वाट पाहता आली असती. तीन महिने थांबून मॉटली यांचं काहीही गेलं नसतं, त्या तरीही जिंकल्याच असत्या. आजींना मात्र मत देता आलं असतं.

दूरचा वाचक

ताई, मनापासून आभार. राखेचं आणि वादळाचं मी कुठेतरी वाचलं होतं, पण निवडणुकीशी जोडून पाहिलं नव्हतं.

मतदान किती झालं? आणि माझा दुसरा प्रश्न: सभागृहात प्रश्न विचारणारं मग कोण उरलं?

ब्रिजटाऊनकर

मतदान सुमारे ४२ टक्के. २०१८ला ते ६० टक्क्यांच्या आसपास होतं. माणसांत बोलायचं तर दीड लाखांवरून एक लाख दहा-बारा हजारांवर आलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लोकसंख्या पावणेतीन-तीन लाखांच्या आत आणि यादीत नावं दोन लाख सहासष्ट हजार, म्हणजे मुलंबाळं धरली तर हिशेब जुळतच नाही. इंग्लंड-अमेरिकेला कायमचे गेलेले आणि वारलेले लोकही यादीत राहून गेले आहेत. त्यामुळे टक्केवारी दिसते त्याहून खरं मतदान बरंच जास्त. पण तीच फुगलेली यादी २०१८लाही होती, तेव्हा घट खरीच आहे. काही जण आजाराला भ्यायले, काही जण 'कोण येणार ते ठरलेलंच आहे' म्हणून घरी बसले. मी ज्या प्राथमिक शाळेत मत दिलं तिथे एरवी सकाळी रांग असते. त्या दिवशी सरळ आत जाऊन बाहेर आले.

मतांची वाटणीही पाहा. लेबर पार्टीला सुमारे ६९ टक्के, डेम्सना २६ टक्क्यांच्या वर. चारातल्या एकाहून जास्त मतदाराने डेम्सना मत दिलं आणि जागा शून्य. ज्या मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, बाकीची मतं वाया. बेट इतकं लहान आणि एकसारखं की वारा सुटला की सेंट लूसीच्या उत्तर टोकापासून दक्षिणेतल्या क्राइस्ट चर्चपर्यंत एकाच दिशेने सुटतो. सेंट जॉन हा एरल बॅरो आणि पुढे डेव्हिड थॉम्पसन यांचा मतदारसंघ, डेम्सचा बालेकिल्ला. २०१८ला तोही गेला तो परत आला नाही.

आता सभागृहाचं. विरोधी पक्षनेता हे इथे घटनेने दिलेलं पद आहे. २१ जणांच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, १२ जण पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ७ राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने आणि २ विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने येतात. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे. अर्थसंकल्पाला पहिलं सविस्तर उत्तर त्याचं. ही घटना लिहिणाऱ्यांनी समोरच्या बाकांवर कुणीतरी असणार हे धरूनच लिहिली. २०१८ला बाकं रिकामी झाली तेव्हा आठवडाभरात सत्ताधारी पक्षातलेच बिशप जोसेफ अ‍ॅथर्ली उठून पलीकडे गेले आणि एकटे विरोधी पक्षनेते झाले. पक्षाने त्यांना मंत्री केलं नाही म्हणून गेले असं म्हणणारे पुष्कळ होते. कारण काही का असेना, त्यांनी काम केलं. हिशेब मागितले, दोन सिनेटर नेमले. २०२२ला तेही पडले.

मॉटली यांनी दोन्ही वेळा असं सुचवलं होतं की दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणाऱ्या पक्षाला ते दोन सिनेटर पाठवू द्यावेत. सूचना चांगली होती. पण विरोधकांची खुर्ची विजेत्याच्या औदार्यावर अवलंबून असावी हे मला रुचत नाही. निवडणुकीनंतर काही दिवसांतच डेम्सच्या नेत्या व्हर्ला डी पिझा यांनी पद सोडलं, आणि पुढची दोन वर्षं खालच्या सभागृहात विरोधी पक्षनेता नव्हता. फेब्रुवारी २०२४मध्ये राल्फ थॉर्न हे सत्ताधारी सदस्य बाजू बदलून गेले तेव्हा ती खुर्ची भरली. म्हणजे दोन्ही खेपेला विरोधी पक्षनेता मतपेटीतून आला नाही, सरकारी बाकांवरून आला.

मला इथे १९९४ची निवडणूक पुन्हा पुन्हा आठवते. मी तेव्हा इथे नव्हते, पण इथल्या स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल इतकं ऐकलं आहे! डेम्सचे अर्स्किन सँडिफर्ड पंतप्रधान. १९९१ला त्यांनी नाणेनिधीच्या कार्यक्रमाखाली सरकारी नोकरांचे पगार ८ टक्क्यांनी कापले होते. डॉलर मात्र वाचवला: दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकन डॉलर हा १९७५चा भाव आजही टिकून आहे. जून १९९४मध्ये त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि त्यांच्याच पक्षातल्या नाराजांमुळे तो मंजूर झाला. त्यांनी संसद विसर्जित केली, ६ सप्टेंबरला निवडणूक झाली आणि बार्बाडोस लेबर पार्टीचे ओवेन आर्थर २८ पैकी १९ जागा घेऊन आले. तीही मुदतपूर्व निवडणूकच. पण ती सभागृहाने घडवून आणली होती. सरकारला लोकांपुढे उभं राहावं लागलं कारण समोरच्या बाकांवर ठराव मांडणारी माणसं होती.

२०२२ची निवडणूक पंतप्रधानांनी आपल्या सोयीने घेतली, आणि तिच्यामुळे असं सभागृह आलं की ज्यात १९९४ पुन्हा घडूच शकत नव्हतं. मला जी काळजी वाटते ती ही आहे. मॉटली कर्तबगार आहेत. हवामान बदलावर ग्लासगोत त्या बोलल्या तेव्हा मलाही अभिमान वाटला होता. पण सभागृहाची रचना चांगल्या पंतप्रधानाला धरून करायची नसते.

बेटांचा नकाशा

ताईंचा प्रतिसाद वाचून आणखी एक बाजू मांडतो. मुदतपूर्व निवडणूक म्हणजे सत्ताधाऱ्यांचा हमखास विजय, असं जे वर शंकेखोर यांनी म्हटलं ते त्याच वर्षी शेजारच्या बेटांवर खोटं ठरलं.

ग्रेनाडा घ्या. कीथ मिचेल यांनी १९९९, २०१३ आणि २०१८, अशा तीन वेळा १५ पैकी १५ जागा जिंकल्या होत्या. तिथेही २०१८नंतर एक सदस्य पलीकडे जाऊन विरोधी पक्षनेता झाला, अगदी अ‍ॅथर्लींसारखं. मिचेल यांनी मुदतीआधीच २३ जून २०२२ला निवडणूक लावली. विरोधी नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसची (एनडीसी) सूत्रं वकील डिकन मिचेल यांच्याकडे येऊन जेमतेम आठ महिने झाले होते (आडनाव एकच, पण पक्ष समोरासमोर). लोकांनी ९ विरुद्ध ६ असा निकाल देऊन सरकार बदललं. सगळ्या जागा जिंकणाऱ्याला पुढच्याच खेपेला घरी पाठवलं!

सेंट किट्स आणि नेव्हिसमध्ये कारण निराळं. तिथली आघाडी मे २०२२मध्ये फुटली, पंतप्रधान टिमोथी हॅरिस यांनी सहकाऱ्यांना मंत्रिमंडळातून काढलं आणि ५ ऑगस्टला निवडणूक झाली. आधीची होऊन दोनच वर्षं झाली होती. ११ पैकी ६ जागा घेऊन लेबर पार्टीचे टेरन्स ड्रू आले.

डॉमिनिका मात्र ताईंच्या काळजीला पुष्टी देणारं. रूझवेल्ट स्केरिट यांनी मुदत बरीच शिल्लक असताना महिनाभराच्या मुदतीने ६ डिसेंबर २०२२ची तारीख दिली. आधी मतदार यादी आणि निवडणूक कायदा सुधारा, असं म्हणत मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला. २१ पैकी ६ जागी विरोधात कुणी उभंच नव्हतं. स्केरिट यांच्या पक्षाला १९ जागा, उरलेल्या दोन अपक्षांना.

शंकेखोर

ग्रेनाडाचं मला माहीत नव्हतं. तरीही मूळ मुद्दा सुटत नाही. मुदत ठरलेली असावी, पंतप्रधानांना तारीख निवडू देऊ नये. ताई, तिथे अशी मागणी होते का?

ब्रिजटाऊनकर

होते. प्रजासत्ताक झाल्यावर नवी घटना लिहिण्यासाठी आयोग नेमला गेला. गावोगावच्या सभांमध्ये लोक हे मांडत होते: तारीख ठरलेली असावी, विरोधकांना सभागृहात जागा मिळण्याची काही तरी पक्की तरतूद असावी, मतांच्या प्रमाणात निदान काही जागा द्याव्यात. अशा एका सभेला मी गेले होते. मागच्या रांगेतून एक निवृत्त बसचालक उठले आणि त्यांनी विचारलं की माझं मत मोजलं जातं पण बसायला खुर्ची मिळत नाही, तर मी पुढच्या वेळी कशाला येऊ? सगळी सभा गप्प झाली होती.

मला स्वतःला ठरलेल्या तारखेपेक्षा प्रमाणशीर जागांची जास्त गरज वाटते. तारीख ठरलेली असती तरी २०१८ला शून्य आलंच असतं, ती निवडणूक मुदत पूर्ण करूनच झाली होती. ग्रेनाडाचं उदाहरण फार चांगलं दिलंत. पण तिथे पक्षाला वेळेवर नवा नेता मिळाला. तो मिळेलच असं नाही, आणि मिळेपर्यंतची वर्षं हिशेब मागणाऱ्याशिवाय काढावी लागतात.

दूरचा वाचक

फार मोलाची माहिती मिळाली. शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न. माझा भाचा नोकरीसाठी ब्रिजटाऊनला जातो आहे. तुम्ही लिहिलंत तसं त्यालाही पुढे मत देता येईल का?

ब्रिजटाऊनकर

तीन वर्षं सलग राहिल्यावर येईल. वय १८ पूर्ण हवं, आणि ज्या मतदारसंघात नाव घालायचं तिथे किमान तीन महिने राहिलेलं हवं. नाव आपोआप चढत नाही, निवडणूक व सीमांकन आयोगाकडे जाऊन नोंदवावं लागतं. घर बदललं की लगेच पत्ता बदलून घ्यायला सांगा. निवडणूक केव्हा लागेल याचा नेम नाही, आणि लागली की हातात दोन-तीन आठवडेच असतात, तेव्हा हे काम आधीच करून ठेवलेलं बरं. इथे आल्यावर काही अडलं तर मला व्यक्तिगत संदेश पाठवायला सांगा.